नाव घातलेल्या वाट्या

कुत्रं वाटी चाटत होतं. वाटीवर माझं नाव होतं.

एक जानेवारीची सकाळ. मी अक्कांच्या ओट्यावर बसलेली. हातात कागदी कप, कपात चहा. अक्का म्हणजे आमच्या महिला बचत गटाच्या अध्यक्षा, सगळं गाव त्यांना अक्काच म्हणतं. मी ग्रामपंचायतीची सदस्य. राखीव जागेवरून निवडून आलेली, बौद्धवस्तीतली. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला यंदा बायकांनी यायचं, नुसती सह्यांपुरती सभा नको, असं सांगत मी घरोघर निघाले होते. नवीन वर्ष, म्हणून तोंडात शुभेच्छाही होत्या. पहिलं घर अक्कांचं घेतलं, मानाचं म्हणून.

आमच्या जुन्नरकडं बिबट्या लई. अक्कांचं आधीचं कुत्रं बिबट्यानं उचललं, तेव्हापासून नवीन कुत्र्याला ओट्याशेजारी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. बिबट्या मोकळा आणि कुत्रं कैदेत, असा आमच्याकडचा न्याय. तर त्या पिंजऱ्यात ते दूधभाकर खात होतं. खाऊन झालं, मग वाटी चाटायला लागलं. चाटता चाटता वाटी फिरली आणि मशीननं घातलेली बारीक टिंबाटिंबांची अक्षरं माझ्याकडं झाली.

आधी सौ. मग मी. मग मालक. मग आडनाव.

मी वाचलं. परत वाचलं. वाटलं, दुसऱ्या कुणाचं असंल. आपल्याच नावाची बाई गावात दुसरी असावी म्हणून मी देवाला नाय, पण दुसऱ्या कुणाला तरी हात जोडले असते. कुत्र्याची जीभ माझ्या नावावरून आडनावापर्यंत गेली आणि परत आली.

मी बघितलं ते अक्कांनी बघितलं. पदर सावरत म्हणाल्या, "अगं ती व्हय? हाताशी आली ती दिली आत सरकवून. त्यात काय एवढं?"

मी काय म्हणाले? सांगायची लाज वाटते. मी हसले. म्हणाले, "असू द्या अक्का. भांडंच हाय."

आणि उरलेला चहा प्यायले, तळापर्यंत. मोकळा कप कुठं टाकायचा कळेना, तो मुठीत चुरगाळून धरला. शेजारी ताटात दोनतीन कपबश्या पडल्या होत्या, माझ्या आधी कोण येऊन गेलं होतं त्यांच्या. त्यांच्यावर माश्या बसल्या होत्या. निघताना "हॅपी न्यू इयर अक्का" असंही म्हणाले. रस्त्यानं चालायला लागले. अंगावर नवी साडी होती आणि मला वाटत होतं, आपण उघड्याच चाललोय.

पुढच्या घरी मी गेलेच नाय. सभेचं सांगायचं होतं, शंभरदा घोकलेलं भाषण होतं. एक शब्द आठवेना.

*

ती वाटी मीच दिली होती. गेल्या वर्षीच्या संक्रांतीला, वाण म्हणून.

आमच्यात हळदीकुंकू नसतं. धर्मांतर झालं तेव्हा माझ्या आजेसासऱ्यांनी घरातले देव ओढ्याला सोडले, आणि देवांबरोबर हे सगळं सोडलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी जन्मात कुणाचं वाण घेतलं नाय. मी मूळची कळंबची. माहेर हमरस्त्यावरचं, मंचरला जाऊन बारावी शिकले. लग्न होऊन इकडं आले, डिंगोऱ्याच्या पुढं. निवडणूक आली, जागा राखीव निघाली, वस्तीत तेवढी शिकलेली बाई मीच. उभी राहिले. आले निवडून. "कानामागून आली नि तिखट झाली," असं दोघीतिघींनी म्हणून घेतलं, पण माझ्या तोंडावर कुणी काय बोललं नाय.

मग अक्का म्हणाल्या, "आता तू काय एका वस्तीची ऱ्हायलीस का? गावाची मेंबर तू. ये संक्रांतीला. आता काय तसलं ऱ्हायलंय का?"

तसलं म्हणजे कसलं, ते त्यांनी सांगितलं नाय आणि मी विचारलं नाय. मला गोड वाटलं हो! गावाची मेंबर. घरी येऊन आरशात बघून म्हणलं मी ते.

त्या संक्रांतीला मी घरोघर गेले. कुंकू लावून घेतलं नाय, तेवढं पाळलं. वाण मात्र घेतलं. कुणी चहाची गाळणी दिली, कुणी फणी, कुणी प्लास्टिकचा डबा. आता घेतलं म्हणजे द्यावंही लागतं. मी ठरवलं, द्यायचं तर जन्मभर टिकंल असं द्यायचं. टोमॅटो तोडायला जाऊन चार पैसे बाजूला पडले होते, ते घेऊन जुन्नरच्या बाजारात गेले आणि स्टीलच्या वाट्या घेतल्या. जाड बुडाच्या.

नाव घालणाऱ्यानं मशीन हातात घेतलं आणि विचारलं, "ताई, सौ. घालू का आयुष्यमती?"

आमच्यात बाईच्या नावाआधी आयुष्यमती लावतात, आडनावावरून ओळखलं त्यानं. आमच्यातल्या लग्नाची भांडी त्याच्याकडं येत असणार, चांगल्या मनानंच विचारलं. मी मागं वळून बघितलं, दुकानात गावचं कुणी नव्हतं. तरी हळूच म्हणाले, "सौ. घाला."

आयुष्यमती घातलं असतं तर वाटी लांबून ओळखू आली असती. मला बाकीच्या बायांसारखं दिसायचं होतं.

भांड्याला नाव घालतात ते लग्नात, गावजेवणात हरवू नये म्हणून. वाणाला घालतात ते आठवण राहावी म्हणून. अमकीनं दिलेली वाटी, असं घरात बोललं जातं, देणारी मरून गेली तरी बोललं जातं. मला वाटलं, माझं नाव गावातल्या मांडण्यांवर बसंल. त्यात कालवण वाढलं जाईल. पोरगं रुसलं तर त्याच्यापुढं त्यात दूध ठेवतील. मतं पडली होती त्यापेक्षा मला ह्याचं अप्रूप. मत काय, गुपचूप टाकतात.

कार्यक्रम शाळेच्या व्हरांड्यात ठेवला. वस्तीत ठेवला असता तर कोण आलं असतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि तरी पुढं मी स्वतःला म्हणत होते की आता तसलं काय राहिलेलं नाय. काय म्हणावं असल्या बाईला! बायका आल्या, नटून आल्या, वाट्या घेतल्या. तिळगूळ घेतला आणि कागदात बांधला. "घरी पोरांना नेते," म्हणाल्या. एकीनंही तोंडात टाकला नाय. मी म्हणलं, किती माया आहे ह्यांची पोरांवर.

घरी आले तर आत्या चुलीपुढं. वर न बघता म्हणाल्या, "झालं का गोड बोलून?"

मला राग आला. म्हणलं, म्हातारीला कुणाचं चांगलं बघवत नाय.

*

तर एक जानेवारीला त्याच म्हातारीपुढं मी जाऊन बसले. सांगणार नव्हते. पण मुठीतला चुरगाळलेला कप तसाच होता, तो त्यांनी बघितला. म्हणाल्या, "काय झालं?"

सांगितलं. कुत्रं, वाटी, नाव. मी हसले तेही सांगितलं, कारण त्याचीच लाज जास्त वाटत होती. कुत्र्याला काय कळतंय? अक्कांनी केलं ते केलं. पण मी हसले कशाला? कुणी मला धरून हसवलं का?

आत्यांनी वाटीचं काही विचारलंच नाय. कपाकडं बोट करून म्हणाल्या, "ह्यात दिला का चहा?"

"व्हय. त्या सगळ्यांनाच कागदी कपात देतात आता."

"सगळ्यांना? तुज्या आधी कोण बसलं व्हतं तिथं? त्यांच्यापुढं काय व्हतं?"

कपबश्या होत्या. ताटात. माश्या बसलेल्या.

आत्या म्हणाल्या, "आमच्या येळी हाटेलात आमचा कप वळचणीला खोचलेला असायचा. आपणच काढायचा, आपणच धुवायचा, परत खोचायचा. कान तुटलेला कप. कुणीबी बघितलं तर कळायचं, ह्यो कुणाचा. आता कागदाचा आला. टाकून दिला की झालं, इटाळबी गेला नि पुरावाबी गेला. ल्हानपणी मला निदान माहीत व्हतं गं, माझा कप कुठला ते. तुला तेबी माहीत न्हाई."

मी बसल्या जागी हिशेब लावत बसले. ग्रामपंचायतीत मी असले की शिपाई कागदी कप काढतो. सगळ्यांनाच देतो, सरपंचांनासुद्धा. मी किती दिवस ह्याला समता समजत होते! एकदा मी उशिरा पोचले तर सगळ्यांच्या हातात काचेचे ग्लास होते आणि शिपायानं माझ्यासाठी घाईनं कागदी काढला. "ताई, ग्लास संपले," म्हणाला. फळीवर चार ग्लास पालथे दिसत होते. मी बघितले होते. बघून न बघितल्यासारखं केलं होतं. कागदी कप आले आणि गावाची मोठी अडचण मिटली, एवढंच झालं.

आमचे मालक पिकअप चालवतात, टोमॅटो-कांदा नारायणगावला नेतात. निम्मा माल अक्कांच्याच भावकीचा. त्यांना सांगितलं तर खाली मान घालून म्हणाले, "वाटीपायी काय करणार तू? पोलिसात जाणार?"

तेही खरंच. कायदा आहे, लई मोठा कायदा आहे. पण कुत्र्याला वाटीत भाकर घालणं हा कुठला गुन्हा? कपबशीऐवजी कागदी कप देणं ह्याला कुठलं कलम लावणार? शिवी दिली नाय. अंगाला हात लावला नाय. उलट चहा पाजला. फौजदार मलाच म्हणंल, ताई, चहा तर दिला ना? शिवी दिली की ती सांगता येते. हे सांगायला गेलं की आपणच बारीक मनाचे ठरतो.

ते दोन आठवडे मी बाहेर कमी गेले. कुणी समोर आलं की वाटायचं, हिच्या घरी कुठं असंल माझं नाव? न्हाणीत? कोंबड्यांपुढं? भर रस्त्यात बायांशी बोलताना माझी नजर खाली जायची. केलं त्यांनी आणि मान माझी खाली. ह्याचा मला जास्त संताप यायचा.

*

संक्रांत आली. गटाच्या व्हॉट्सॲपवर अक्कांनी टाकलं, सर्व भगिनींनी वाणाला यावे. खाली हात जोडलेले, फुलं.

मी गेले. रोजच्या साडीवर गेले आणि हातात मोकळी पिशवी घेतली.

अक्कांच्या ओट्यावर बायकांची गर्दी. काळ्या साड्या, गजरे. मला बघून अक्का म्हणाल्या, "ये ये. बस. अगं, मेंबरबाईंना चहा द्या."

मी म्हणाले, "चहा नको. माझी वाटी द्या."

"कुठली वाटी?"

"गेल्या वर्षी वाण दिलं ती. ह्या पिंजऱ्यातली."

एकीच्या हातातला तिळगूळ हातात राहिला.

अक्का हसायला गेल्या. "वाण परत मागतात का गं? येडी का खुळी? अपशकुन असतो तो."

"आमच्यात शकुन नसतो, अक्का."

"मग दिलं कशाला व्हतं?"

नेमकं मारलं त्यांनी. मी म्हणाले, "चुकलं माझं. परत द्या."

त्यांचा चेहरा लाल झाला. सुनेला हाक मारून म्हणाल्या, "घासून दे गं तिला."

"घासू नका. हाय तशी द्या."

सुनेनं पिंजऱ्याची कडी काढली. वाटीत भाकरीचा तुकडा चिकटलेला होता. मी तो तसाच ठेवून वाटी पिशवीत टाकली. मागनं कुणीतरी म्हणालं, "काय बाई तरी डोकं फिरलंय, वाटीसाठी!" मी वळले नाय. वळले असते तर रडले असते, आणि त्यांच्यापुढं रडायचं नव्हतं.

मग एकेक घर घेतलं. माझ्या पुढं बातमी पोचत होती. काही घरांत वाटी आधीच धुऊनपुसून ओट्यावर आणून ठेवलेली, जणू दूधवाल्याला भांडं द्यायचंय. एका घरात न्हाणीतनं निघाली, साबणाचा लगदा भरलेली. एका घरात कोंबड्यांच्या पाण्याची. एका घरात माळ्यावरनं काढली, ज्या कागदात दिली होती त्याच कागदात, वर्षभर बांधलेलीच. एक जण म्हणाली, "आमची मोडीत गेली," आणि मागं तिची पोरगी सांगायला लागली, "आई, संडासाच्या..." तिनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला. मी त्या घरातनं मोकळीच निघाले. कुठल्याही घरात मांडणीवर माझं नाव नव्हतं.

शेवटचं घर ठकूबाईंचं. गावाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याला. म्हातारी मेंढरंवाल्यांतली. आता पोरं शेती करतात, तरी ती चारदोन मेंढरं सोडत नाय. मी पोचले तर ती दारात बसून भाकर खात होती. दुधात कुस्करलेली. आणि वाटी माझी होती. घासून घासून लख्ख केलेली. नाव स्वच्छ वाचता येत होतं.

काय झालं मला सांगू? मी तिच्यापुढं मातीत बसले. दिवसभर आवरलं होतं ते सगळं तिथं बाहेर आलं. ती म्हणाली, "काय गं पोरी? काय झालं? ही वाटी लई ग्वाड हाय बग. हातात बसती. मी रोज ह्यातच खाती."

मी म्हणाले, "आजी, ही असू द्या तुमच्याकडं. ही मी नेत नाय."

म्हातारी खूश झाली. मग वाकून, इकडं तिकडं बघून, माझ्या कानाशी म्हणाली, "पर कुनाला सांगू नकोस हां बाई. सुना म्हायेरी गेल्यात म्हणून भाईर बसली. त्या असल्या की मी ही उतरंडीमागं ठेवती. बायका नावं ठेवत्यात गं."

मी तिच्याकडं बघत राहिले. तिच्या मनात पाप नव्हतं, ते मला दिसत होतं. कुत्र्याच्या वाटीला मला राग आला होता. ह्या वाटीला राग येईना. आणि तरी कुत्र्याच्या वाटीपेक्षा हीच वाटी जास्त लागली. अक्कांनी माझं नाव उघड्यावर टाकलं होतं. हिनं प्रेमानं लपवलं होतं. आत्यांचा कान तुटलेला कपसुद्धा वळचणीला दिसायचा तरी.

मी म्हणाले, "आजी, खाऊन घ्या. मग वाटी द्या."

"आत्ता म्हणली नेत न्हाई?"

"उघड्यावर ठेवणार असाल तर ऱ्हाऊ द्या. लपवून नको."

तिनं भाकर खाल्ली. वाटी राखेनं घासली, पदरानं पुसली आणि माझ्या पिशवीत स्वतःच्या हातानं ठेवली. तिचे डोळे भरले होते. माझेही. पण वाटी तिनं दिली, आणि मी घेतली.

घरी आल्यावर आत्यांनी सगळ्या वाट्या अंगणात ओतल्या आणि घासायला बसल्या. मीही बसले. वस्तीतल्या चार जणी आल्या आणि त्याही बसल्या.

*

सव्वीस जानेवारी. झेंडा झाला, पोरांची कवायत झाली, ग्रामसभा बसली. मी घरोघर सांगायचं अर्धवट सोडलं होतं, तरी बायका आल्या होत्या. मी काय करते ते बघायला आल्या होत्या. ठकूबाई पण काठी टेकत आली आणि दाराशी बसली.

रस्ता झाला, पाण्याची टाकी झाली. शेवटी ग्रामसेवकांनी विचारलं, "आयत्या वेळचे विषय?" मी उभी राहिले. पिशवी उघडली आणि वाट्या टेबलावर मांडल्या, एकीशेजारी एक. नावं लोकांकडं करून.

म्हणाले, "माझा ठराव हाय. ग्रामपंचायतीत, शाळेत, गावच्या कार्यक्रमात कागदी कप बंद करायचे. धुवायची भांडी वापरायची. सगळ्यांनी तीच. सुरुवातीला ह्या वाट्या मी देते."

ग्रामसेवक बाहेरगावचे. त्यांना काय ठाऊक? खूश होऊन म्हणाले, "छान! पर्यावरणाच्या दृष्टीनं अगदी योग्य आहे, ताई." बाकी कुणी खूश नव्हतं. सगळ्यांना कळलं होतं.

सरपंच म्हणाले, "ताई, करोनापास्नं कागदीच बरे. धुवायचं कुणी, हा पण प्रश्न हाय."

"एक दिवस मी धुते. एक दिवस अक्का धुतील. पाळी लावा."

कुणी हसलं नाय. अक्का भिंतीकडं बघत होत्या.

"ठरावाला अनुमोदन कुणाचं?" ग्रामसेवकांनी विचारलं.

मी सभेकडं बघितलं. गटातल्या बायका, ज्यांच्याबरोबर मी टोमॅटो तोडलेत. खाली माना. आमच्या वस्तीतले पुरुष, मागं उभे. ह्याचं पोरगं अक्कांच्या पोल्ट्रीवर कामाला, त्याच्या विहिरीची वाट त्यांच्या बांधावरनं. त्यांच्याही माना खाली. आमचे मालक दारात उभे होते. त्यांनी हात निम्मा वर नेला आणि डोकं खाजवलं. मी बघितलं ते. मला त्यांची लाज वाटली आणि लगेच वाटलं, ही तीच लाज, जिच्यापायी मी ओट्यावर हसले होते. ठकूबाई काठी घट्ट धरून जमिनीकडं बघत होती.

"अनुमोदन नाय," सरपंच म्हणाले. "ठराव बारगळला. चला, चहा घ्या."

शिपायानं ट्रे आणला. कागदी कप. माझ्यापुढं एक ठेवला. मी हात लावला नाय. सगळ्यांनी चहा प्यायला, कप टाकले, उठले. माझ्या चहावर साय धरली. मी वाट्या पिशवीत भरल्या आणि तो भरलेला कप टेबलावर तसाच ठेवून घरी आले.

मला वाटायचं, नवीन वर्षाबरोबर आपोआप काहीतरी बदलत असंल. दरवर्षी थोडं थोडं. आपण गोड बोलायचं, चांगलं वागायचं, जाड बुडाच्या वाट्या द्यायच्या आणि वाट बघायची. ह्यालाच मी आशा म्हणत होते. त्या आशेची मला आज लाज वाटते. वाट बघणाऱ्या बाईपुढं गाव शंभर वर्षं कागदी कप ठेवू शकतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अक्का रस्त्यात भेटल्या. इतक्या दिवसांनी स्वतःहून बोलल्या. "राग सोड आता. नवीन वर्ष लागतंय. ये उद्या, चहा घे."

मी हसले नाय. म्हणाले, "येते. तुमी ज्यात पिता त्यात देणार असाल तर येते."

त्या थांबल्या. पदर सावरला. गेल्या.

मी पण गेले, जुन्नरला. त्याच दुकानात. सगळ्या वाट्यांवरचं सौ. खरवडून काढायला सांगितलं आणि तिथं आयुष्यमती घालायला सांगितलं. ठकूबाईंच्या वाटीवरही. माणूस म्हणाला, "ताई, खरवडल्याचा डाग दिसंल." म्हणलं, दिसू द्या.

एक मेला परत ग्रामसभा आहे. मग पंधरा ऑगस्टला. मग दोन ऑक्टोबरला. मग परत सव्वीस जानेवारी. पिशवी दाराशी टांगलेली आहे. दर सभेला वाट्या टेबलावर मांडणार, नावं पुढं करून. हाच ठराव, हेच शब्द. ग्रामसेवकांना सांगणार, सूचक म्हणून माझं नाव लिहा, पूर्ण लिहा. आणि अनुमोदकाची जागा मोकळी राहिली तर तीही लिहा, मोकळी म्हणून. हा ठराव गावाला त्या मोकळ्या जागेसकट मी वाचून दाखवणार. ती जागा भरंपर्यंत.